गुरुवारचं मशीन

दर गुरुवारी सकाळी नऊला यायरो मोटरसायकलच्या मागे वॉशिंग मशीन बांधून आणायचा आणि बाराला परत न्यायचा. मालांबो गावातल्या त्या वस्तीत कपडे धुण्याचं मशीन विकत घेणारं कुणी नव्हतं. ते तासांच्या हिशेबाने घरोघर फिरायचं. नुरिसला गुरुवारच सोयीचा होता, कारण सोमवार, बुधवार आणि शुक्रवार एलिएसेरच्या डायलिसिसमध्ये जात.

एलिएसेर, तिचा नवरा, एकवीस वर्षं विटांच्या कारखान्यात मुकादम होता. कारखाना बंद पडला. नोकरीबरोबर मिळालेलं आरोग्य कवच त्यानंतर तीन महिने चालणार होतं. पुढेही डायलिसिस मिळायचं तर सरकारच्या गरिबांच्या यादीत नाव लागायला हवं, आणि त्याआधी घर पाहायला माणूस यायला हवा.

तो माणूस म्हणजे हातात टॅब्लेट घेतलेली एक घामेजलेली मुलगी निघाली. ती गुरुवारी साडेदहाला आली. मशीन परसात धडधडत होतं.

एलिएसेरने पायांत बूट चढवले होते. सुजलेल्या पावलांवर ते चढवायला त्याला पाव तास लागला असणार. त्याने घरातली एकुलती धड खुर्ची पंख्यासमोर ओढली, मुलीला बसवलं आणि आत हाक मारली, "म्हातारे, कॉफी टाक गं!"

नुरिसने कॉफी टाकली. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता. सगळं ऐकू येत होतं.

"काका, काम काय करता?"

"विटांच्या कारखान्यात मुकादम. हाताखाली चौदा माणसं."

नुरिसचा चमचा भांड्यातच थांबला.

"महिन्याला किती मिळतात?"

त्याने पगार सांगितला. पूर्ण, बोनससकट.

"पैसे नाहीत म्हणून गेल्या आठवड्यात घरात कुणी उपाशी झोपलं?"

"या घरात?" तो हसला. "पोरी, हिच्या हातचे बोयो खाऊन बघ, मग विचार."

बोयो होते ते विकायचे. पहाटे चारला उठून नुरिस कसाव्याचे कंद किसायची, पानांत गुंडाळून उकडायची आणि महामार्गाच्या फाट्यावर जाऊन बसायची. जवळजवळ दोन महिने घर त्यावर चाललं होतं.

कॉफी घेऊन ती बाहेर आली. तेव्हा बोलता आलं असतं. पण एलिएसेर ताठ बसला होता. त्याची पाठ इतकी सरळ तिने कारखाना बंद झाल्यापासून पाहिली नव्हती. मुलीने मान वर करून पत्रा पाहिला, पत्र्यातली भोकं पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर कणव उमटली. ती कणव नुरिसला सोसली नाही.

"वॉशिंग मशीन आहे ना काकू तुमच्याकडे?" मुलीने परसाकडे बघत विचारलं.

"हो," नुरिस म्हणाली. "एवढं तरी आहे."

मुलीने टॅब्लेट पुढे केला. "सही करा. शपथेवर असतं हं हे, काका."

"माझी सही आहे ती. तीस वर्षांत बदललेली नाही."

मुलगी दोन बोयो खाऊन गेली. बाराला यायरो मशीन घेऊन गेला. जागेवर पाण्याची एक चौकोनी ओल राहिली.

"काय करायला हवं होतं मी?" एलिएसेर बूट काढता काढता म्हणाला. नुरिसने काही विचारलं नव्हतं. "एवढ्याशा पोरीसमोर रडायचं?"

"नाही."

"डोळे आहेत की तिला. पत्रा बघितला तिने."

"बघितला," नुरिस म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला. गट ‘ड’. गरीब नाही. मंगळवारी नुरिस कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली. जुनं कवच संपायला एकोणीस दिवस होते. खिडकीतला माणूस वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा होता, आणि उर्मट नव्हता.

"पगार आहे, बाई. मशीन आहे."

"पगार नाही. कारखान्याला कुलूप आहे, जाऊन बघा. आणि मशीन यायरोचं आहे."

"हा यायरो तुमच्या घरात राहतो?"

"भाड्याने देतो तो! तुमच्याकडे नाही येत कुणी भाड्याचं मशीन घेऊन?"

"येतं," तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "पण ते आपलं आहे असं आम्ही सांगत नाही." संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून त्याने एलिएसेरची सही दाखवली. "आता मी काय लिहू? तेव्हा शपथेवर खोटं सांगितलं, की आता सांगताय?"

त्याने एक कोरा अर्ज पुढे सरकवला.

"पुन्हा घर बघायचा अर्ज घेतो. साठ दिवस धरा."

"त्याचं डायलिसिस आठवड्याला तीनदा असतं."

"अगदीच जिवावर बेतलं तर इमर्जन्सीत घेतात. तिथे यादी लागत नाही."

"म्हणजे आधी जिवावर बेतायला हवं."

"बाई, मी नुसता खिडकीत बसतो हो."

रविवारी दुपारी नुरिस ती धड खुर्ची ओढून एलिएसेरसमोर बसली. साठ दिवसांनी का होईना, मुलगी येणार होती. तेव्हा तरी चुकायला नको.

"काका, काम काय करता?"

"काका कोणाला म्हणतेस गं?"

"उत्तर दे, एलि."

त्याने पंख्याकडे पाहिलं. "मुकाद—"

"नाही."

"काही नाही करत."

"घर कोण चालवतं?"

शेजारच्या घरात रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. कुणीतरी गोल केला आणि सगळी गल्ली ओरडली. त्या आवाजातच तो म्हणाला, "बायको चालवते."

"मोठ्याने."

"बायको चालवते! ऐकलंस? बायको मला पोसते."

या वेळी चूक नव्हती. नुरिसने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि घोट्यावर अंगठा दाबला. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर रविवारी सूज सगळ्यात जास्त असते. अंगठा काढला, तशी तिथे वाटीसारखी खळी राहिली. ती भरायला किती वेळ लागतो ते ती मनात मोजू लागली. बत्तिसाव्या सेकंदाला खळी अजून होती.

"किती?" त्याने विचारलं.

"कमी आहे आज," ती म्हणाली.

जुन्या कवचात उद्याचा धरून दोन सोमवार उरले होते.