दाजींचा गुडघा

डाव्या गुडघ्यावरचं ठिगळ. गडद निळ्या पँटवर फिकट निळं, ताईने दुहेरी टाक्यांनी शिवलेलं.

अंगणाच्या टोकाला रिकामं पिंप. त्यावर पांढरा गोल, रंग अजून ओला.

माझा उजवा कान. त्याची पाळी आता नाही.

जेवणाच्या टेबलावर पालथे ठेवलेले दोन हात.

आता ओळीने.

आमच्या अग्निशमन केंद्रात एकच बंब आहे, त्याला सगळे म्हातारी म्हणतात. म्हातारी पळते झकास. दुखणं पंपाचं. पाणी सोडायचा दांडा थरथरत मागे सरकतो, आणि तो सरकला की नळीतलं पाणी बसतं, धारच तुटते. चालक आहेत दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते दोन्ही हात पंपाच्या इतर चाव्यांवर ठेवतात आणि दांडा डाव्या गुडघ्याने रेटून धरतात. नव्या माणसाला पंप शिकवताना आम्ही गुडघाही शिकवतो.

या गुडघ्याच्या जोरावर म्हातारी दर तपासणीत पास होते. केंद्राच्या साहेबांनी नवा पंप मागितला की वरून ठरलेलं उत्तर येतं: तपासणीत दोष आढळला नाही.

मग एक गोदाम पेटलं. नोझल घेऊन मी आत. बाहेर दाजींना दुसरी नळी जोडायला दोन पावलं बाजूला जावं लागलं. दांडा सरकला. माझ्या हातातली नळी ओल्या टॉवेलासारखी लोंबली. कानाची पाळी तिथेच जळाली.

दवाखान्यातून सुटल्यावर ताईकडे जेवायला गेलो, तेव्हा मी विषय काढला.

"या तपासणीला गुडघा लावू नका, दाजी. बसू दे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत."

"म्हातारीला मीच नापास करू? सासूला घराबाहेर काढल्यासारखं वाटेल रे."

"माझ्या आईला मध्ये आणू नका," ताई म्हणाली. "याचा एक कान उरलाय, तेवढा सांभाळा."

दाजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"शब्द दिला. गुडघा बाजूला."

केंद्रात सगळ्यांना सांगितलं. शिडीवरचा लंबू तर नव्या पंपाचं नावही ठरवून बसला: सूनबाई.

तपासणीच्या सकाळी फरशी पुसली, बूट चकाकवले, पिंपावर नेमाचा गोल रंगवला. तपासणी अधिकारी आले. त्यांनी शिड्या मोजल्या, शिरस्त्राणं वाजवून पाहिली, चहाला नको म्हणाले आणि मग घेतला.

"आता पाणी दाखवा."

मी नोझल धरून पाय रोवले. आयुष्यात पहिल्यांदा पाणी बसावं म्हणून वाट बघत होतो. धार निघाली, पिंपापर्यंत गेली, गोलावर आपटली. आता बसेल. धार तशीच. आता. पिंप आडवं झालं, रंग पाण्याबरोबर वाहून गेला, आणि तरी धार तशीच होती, सरळ, जाड, तरुण. लंबू शिडीवरून माझ्याकडे बघत राहिला.

मी मान वळवली.

दाजींनी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरले होते, सर्वांना दिसतील असे. अधिकारी म्हणत होते, "वा, हात न लावता." आणि त्या हातांच्या खाली, पंपाला चिकटलेलं, फिकट निळं ठिगळ.

अधिकाऱ्यांनी शेरा दिला: समाधानकारक. साहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती थाप कुणाला नवी नव्हती. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही.

गाडी निघून गेल्यावर दाजी नळी गुंडाळायला माझ्याजवळ आले. मी टोक सोडलं नाही.

"काल साहेबांनी बोलावलं होतं," ते म्हणाले. "पंप नापास झाला तर दोष चालकाच्या देखभालीवर येईल म्हणाले. मला कुठेतरी गोदाम राखायला बसवतील. तुझी ताई, पोरी…"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नोझल तितक्या विश्वासाने धरलं असतंस?"

"मी पाणी बसायची वाट बघत होतो, दाजी."

"तेच म्हणतोय. तुझं तोंड बघूनच अधिकाऱ्यांची खात्री पटली. एवढा दचकलेला माणूस नाटक कशाला करेल."

लंबू शिडीवरून उतरला. "सूनबाईचं लग्न मोडलं म्हणायचं," तो म्हणाला आणि दाजींकडे न बघता त्यांना ओलांडून आत गेला. आमच्याकडे कुणी दाजींना ओलांडून जात नसे.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "पास झालात म्हणे. हे पेढे आणणार म्हणत होते… जाऊ दे, तू येतोस ना जेवायला?" तिच्या आवाजावरून कळेना तिला काय ठाऊक आहे. मी म्हटलं, "ताई, ते ठिगळ उसवून टाक." "मी कालच नवीन लावलं," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं, जाड लाव म्हणून."

फोन हातात असतानाच घंटा झाली. मुलांच्या पाळणाघराशेजारी एक दुकान पेटलं होतं. सगळे धावले. दाजी चालकाच्या जागेवर चढले आणि शेजारची जागा हाताने झटकली, ती माझी. मी मागच्या पायरीवर लंबूजवळ उभा राहिलो, नोझल पोटाशी धरून. म्हातारी निघाली. वळणावर दाजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे पाहिलं नाही, पंपाच्या दांड्याकडे पाहत होतो, त्यांचा गुडघा टेकतो तिथे.

त्या दिवशी पेटत्या गोदामातून मला पाठीवर घालून बाहेर आणलं होतं, ते दाजींनी.