सलाईनच्या बाटलीतले डोंगर

मित्रांनो, ज्याचे एक चाक कायम कुरकुरते आणि ज्याची मान जराशी वाकली आहे, असा मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यात उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन निघून जातो. तिथल्या एका लहानशा इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत सध्या माझा मुक्काम आहे. दिवसभर मी पेंगतो. पेंगताना स्वप्नात मला डोंगर दिसतात, तेही उलटे.

माझा जन्म खाली मैदानातल्या कारखान्यात झाला. लोखंडाची नळी कापली, डोक्यावर दोन आकडे जोडले, पांढरा रंग दिला आणि ट्रकमध्ये आडवे टाकून मला घाटातून वर आणले. मला वाटले होते, आपले काम म्हणजे नुसते उभे राहणे. पण पहिल्यांदा माझ्या आकड्याला बाटली टांगली, खिडकीतून ऊन आले आणि समोरचे बर्फाचे डोंगर त्या पाण्यात उलटे उतरले. त्यांच्यातून एकेक थेंब माणसाच्या हातात जाऊ लागला. रोगी ते बघत बघत झोपी जायचा. मीही जायचो.

माझ्या वॉर्डात बुरुल नावाची नर्स होती. तिचे नाव मला ठाऊक होते, रोग्यांनी कधी विचारले नव्हते. ते सगळे तिला 'ए मुली' म्हणत. मला ढकलत नेताना ती माझ्या चाकाला म्हणायची, "कुरकुरू नकोस रे, मी कुरकुरते का?" बाटली सुरू करण्याआधी ती रोग्याला त्याचे नाव विचारायची. दर वेळी विचारायची. म्हातारे वैतागत.

"अगं, जेवणाआधी सांगितलं ना! तेवढ्यात काय मी दुसराच झालो?"

"झाला असाल तर मला कळायला नको?" ती हसून म्हणायची आणि नाव ऐकल्याशिवाय नळीला हात लावायची नाही.

मग तिच्या जोडीच्या दोघी नर्स कामासाठी रशियाला गेल्या आणि त्यांच्या पाळ्या बुरुलवर आल्या. एक पाळी संपली की ती टोपी सारखी करायची आणि दुसरी सुरू व्हायची. आधी तिचे हसणे गेले, मग माझ्या चाकाशी बोलणे गेले. इस्पितळातले कर्मचारी कौतुकाने म्हणत, "बुरुल काय, लोखंडाची आहे!" मित्रांनो, लोखंडाचा मी आहे. ती नव्हती. कधी कधी ती मला धरून उभी असायची आणि तिचे डोळे मिटलेले असायचे. मी जमेल तितका ताठ राहायचो. माझी मान त्याच वर्षी वाकली.

त्या हिवाळ्यात आसानकुल नावाचे मेंढपाळ आजोबा वॉर्डात आले. त्यांना एक औषध मुळीच चालत नसे. मागे ते दिले तेव्हा घसा सुजून त्यांचा श्वास कोंडला होता. त्यांची खाट दाराजवळ होती आणि डोंगर पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी खिडकीजवळच्या सापारबेकशी सौदा केला. सुनेने कणकेचे गोळे तळून केलेले पिशवीभर बोरसोक घे आणि खाट दे! खाटा बदलल्या. नर्सला सांगायचे मात्र दोघेही विसरले. सापारबेक बोरसोक घेऊन चहा शोधायला गेला, आजोबा तापात झोपले आणि त्यांच्या उशाशी त्यांची सून जिपार बसली.

दुपारी बुरुल सापारबेकची बाटली घेऊन खिडकीशी आली. बाटलीत नेमके तेच औषध होते. तिने ती माझ्या आकड्याला टांगली आणि सवयीने विचारले, "नाव?"

आजोबा तोंडावर पांघरूण ओढून घोरत होते. ती जिपारकडे वळली. "तुम्ही सांगा, यांचं नाव काय?"

जिपार गोरीमोरी झाली. आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव तोंडातून काढत नाही. काही झाले तरी नाही.

"आमचे बाबा आहेत," ती पुटपुटली.

"बाबा इथे सगळेच आहेत. नाव सांगा."

"थोरल्या घरचे... मेंढ्यांवाले..."

"अहो, अख्खं खोरं मेंढ्यांवाल्यांचं आहे!" बुरुल कधी नव्हे ती खेकसली. मग तिने डोळे चोळले आणि पाठ वळवून नळी जोडायला घेतली. "जाऊ दे. खिडकीची खाट. म्हणजे सापारबेकच."

"हे ते नव्हेत," जिपार म्हणाली, पण सासऱ्यासमोर सुनेचा आवाज चढत नाही, तो ओठांतच राहिला. बुरुलचे बोट थेंब सोडणाऱ्या नळीच्या चक्रीवर गेले.

"आसानकुल!" जिपार किंचाळली. "यांचं नाव आसानकुल आहे! आसानकुल!"

बोट थांबले. बुरुलने बाटली काढली, तिच्यावरचे नाव वाचले आणि मला धरून ती जमिनीवर बसली. "आज माझ्या हातून आजोबा गेले असते," म्हणत ती रडू लागली. मला हात नाहीत, याचे इतके दुःख मला कधीच झाले नव्हते.

गलबल्याने आजोबा जागे झाले. जिपारने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकले. "चुकलं माझं, बाबा. तुमचं नाव घेतलं."

"घे, घे! आई गेल्यापासून या नावानं मला कोणी असं ओरडून हाकच मारली नव्हती. मला वाटलं, जेवायला बोलावतेय!" मग त्यांना रडणारी बुरुल दिसली. हेडसिस्टर काकिशही धावत आली होती. सगळे ऐकून आजोबा तिला म्हणाले, "काकिश, दमलेल्या घोड्यावर पुन्हा खोगीर चढवणाऱ्याला आपण काय म्हणतो गं?"

"माणूस म्हणत नाही," काकिश खालच्या आवाजात म्हणाली.

"मग या पोरीवरचं खोगीर उतरव."

काकिशने बुरुलला लगेच घरी झोपायला पाठवले आणि तिची पाळी स्वतः केली. पुढे मोठ्या डॉक्टरांशी भांडून तिने खालच्या गावातून आणखी एक नर्स आणवली. लागोपाठच्या पाळ्या बंद झाल्या असे मी म्हणणार नाही, पण कमी झाल्या. बुरुल पुन्हा माझ्या चाकाशी बोलू लागली.

घरी निघालेल्या बुरुलला त्या दुपारी आजोबांनी खाटेवरून हाक मारून दारात थांबवले होते. "रोज माझं नाव विचारतेस. तुझं काय गं, मुली?"

उत्तर द्यायला तिला क्षणभर वेळ लागला. "बुरुल," ती म्हणाली.

आजोबांनी आशीर्वादासाठी दोन्ही तळवे उघडून तोंडावरून फिरवले. "बुरुल, तुला पोटभर झोप मिळो."

आता नवे चकचकीत स्टँड आले आहेत आणि मी कोपऱ्यात उलटे डोंगर बघत असतो. मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी आजारी पडले आणि नर्सने पुन्हा पुन्हा नाव विचारले, तर वैतागू नका, मोठ्याने सांगा. खाट बदललीत तर तेही सांगा. मग तिला तिचे नाव विचारा. आणि ते आठवायला तिला क्षणभर वेळ लागला, तर आधी तिला बसायला खुर्ची द्या.