डब्याचं झाकण

हारमेननं ओला रेनकोट खुंटीला अडकवला, बूट पायपुसण्यावर घासले आणि खोलीत शिरता शिरताच मुद्दा मांडला.

"आयुष्य ही देवाची देणगी आहे. ती परत करायची नसते."

खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या उब्बोनं डोळे मिटले. "दहापैकी चार," तो म्हणाला.

"चारच?"

"दिली की देणगी माझी झाली. मग मी तिचं काय वाट्टेल ते करीन. त्यापेक्षा भाड्याचं घर म्हण. मालकाला न विचारता भाडेकरूनं घर पाडू नये. हे निदान उभं तरी राहतं."

"बरं बाबा, भाड्याचं घर."

"आता छप्पर गळतंय, भिंती खचल्यात आणि मालक हाकेला ओ देत नाही. भाडेकरूनं काय करावं? मंगळवारी विचार करून ये."

हारमेननं पडेल चेहरा केला. मनातून तो खूश होता. आणखी एक मंगळवार मिळाला होता.

थोरला उब्बो जन्मभर शाळेत तत्त्वज्ञान शिकवत आला आणि देवाला त्यानं कधी मानलं नाही. धाकटा हारमेन चर्चचा निवृत्त पाळक. त्याची प्रवचनं ऐकायला एके काळी ग्रोनिंगेन शहरातूनसुद्धा माणसं येत. उब्बोचा कॅन्सर आता हाडांत उतरला होता. इच्छामरणाला कायद्यानं लागणाऱ्या दोन्ही डॉक्टरांनी होकार दिला होता. दिवस तेवढा उब्बोनं सांगायचा होता. पण समोरचा निबंध चुकीचा असेल, तर तो दुरुस्त केल्याशिवाय उब्बोला उठवत नसे. ही खोड भावाशिवाय कुणाला ठाऊक असणार? म्हणून सगळा उन्हाळा हारमेन लंगडे मुद्दे घेऊन येत होता. धडधाकट मुद्दे तो घरीच ठेवून यायचा. खोटं बोलणं पाप खरं. पण वाईट प्रवचन करणं पाप असल्याचं शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

उब्बोची बायको हिल्के कॉफी घेऊन आली. तिनं बिस्किटांचा डबा पुढे केला. कॉफीबरोबर एकच बिस्कीट घ्यायच्या तिथल्या रीतीप्रमाणे हारमेननं एक उचललं.

"वहिनी, दुसरं मिळेल का?"

हा त्याचा जुना विनोद. 'स्वर्गात मिळेल, भाऊजी,' असं म्हणत ती खाडकन झाकण लावायची.  आज डबा तसाच उघडा टेबलावर ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

हारमेननं घाईघाईनं पुढचा मुद्दा काढला. "आणि दुःखालाही अर्थ असतो."

"मग दाढ काढताना इंजेक्शन कशाला घेतलंस?" उब्बो हसला. हसता हसता त्यानं पलंगाची कड घट्ट धरली. कळ ओसरायला वेळ लागला. हारमेन कपातल्या कॉफीकडे बघत राहिला.

"हारमेन," उब्बो सावकाश म्हणाला, "नाताळला हिल्केबरोबर चर्चच्या मागच्या बाकावर बसून मी तुला ऐकलंय. इतकं टुकार तू कधीच बोलला नाहीस."

"कधी कळलं तुला?"

"जूनमध्ये."

"मग दुरुस्त्या कशाला करत बसलास?"

"तू एवढा अभ्यास करून वाईट बोलत होतास. लगेच नापास कसं करू?"

"रात्र रात्र झोप नाही त्याला," हिल्के खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "मी म्हणायचे, पुरे आता. तर म्हणायचा, अजून एक मंगळवार. हारमेनला जड जातंय."

हारमेनच्या जिभेवर एक वाक्य आलं. सगळा उन्हाळा हे दुखणं तू कशासाठी सोसलंस, एवढंच विचारायचं होतं. बिनतोड मुद्दा. नऊ मार्क कुठे गेले नव्हते.

त्यानं थंड कॉफीबरोबर ते वाक्य गिळलं.

"गुरुवारी दुपारी," उब्बो म्हणाला. "डॉक्टरांना आजच कळवतो. येशील?"

"पाळक म्हणून?"

"भाऊ म्हणून. प्रार्थना मनातल्या मनात कर. मोठ्यानं केलीस तर दुरुस्त करीन."

हिल्के वळली. डबा अजून उघडाच होता. तिनं तो हारमेनपुढे सरकवला.

"घ्या ना भाऊजी, दुसरं."

हारमेननं डब्यात डोकावून पाहिलं. मग झाकण उचललं आणि दोन्ही हातांनी दाबून घट्ट बसवलं.

"राहू द्या, वहिनी," तो म्हणाला. "गुरुवारी लागतील."