माथ्यावरचे कुंकू

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात पारा आहे, अंगात काचेची उभी नळी आहे आणि नळीशेजारी शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा आहेत. स्वभावाबद्दल सांगायचे तर, जे रेघांवर दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरीही माझ्या उमेदीची वर्षे देवघराच्या कपाटात गेली, कुलपात. ती कशी, ते ऐका.

कारखान्यात मला घडवणाऱ्याने पारा बरोबर शून्यावर टेकला आहे याची खात्री केली आणि नळीच्या वरच्या टोकाला एक लहानशी टोपी बसवली. तिला बारीक छिद्र असते. पारा चढला की नळीतली हवा तेथून बाहेर पडते, उतरला की आत येते. हे छिद्र लक्षात ठेवा. मी त्यातून श्वास घेते, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

मला विकत घेतले केजजवळच्या चंद्रभागाबाईंनी. त्यांचे अर्धे आयुष्य ऊसतोडीत गेले होते आणि त्यांच्या मुलीला, मोहिनीला, अंबाजोगाईला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात नेण्याआधी त्यांनी मला योगेश्वरीच्या देवळात नेऊन पायरीला टेकवले. मोहिनीला संकोच वाटला.

“आई, हे मशीन हाय, नवरदेव न्हाई.”

“गप बस. नवरदेवापरीस जास्त टिकायचंय त्याला.”

शिक्षणाची ती वर्षे माझ्या सुखाची होती. मोहिनी मैत्रिणींच्या दंडाला माझा पट्टा गुंडाळी आणि स्टेथोस्कोप कानाला लावून बसे. पहिले काही महिने तिला ठोके ऐकू येत नसत. येतात असे ती सांगे. तिचे एक सर प्रत्येक तुकडीला एकच वाक्य ऐकवत : “आधी यंत्र शून्यावर आहे का ते पाहा, मग माणसाचा हात धरा. शून्य चुकले की पुढचे सगळे आकडे फार सभ्यपणे खोटे बोलतात.”

शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी मोहिनीने गळ्यातला देवीचा ताईत काढून माझ्या पेटीत ठेवला. परीक्षेच्या सकाळी तो पुन्हा तिच्या गळ्यात होता आणि निकालानंतर पुन्हा पेटीत. मी निरीक्षण केले. निष्कर्ष काढला नाही.

पुढे तिचे लग्न परमेश्वर नावाच्या शिक्षकाशी झाले. शिरूर कासारला घराच्या पुढच्या खोलीत तिने दवाखाना थाटला आणि चंद्रभागाबाईही तेथेच राहू लागल्या. मग राजनंदिनी जन्मली, आणि माझे काम थांबले.

आमच्याकडे मानतात की पाचवीच्या दिवशी सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते. म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडतात. चंद्रभागाबाईंनी लेखणीशेजारी मला उभे केले.

“हे कशाला?” बाळंतिणीने विचारले.

“सटवाईला कळाय नको का, काय लिव्हायचं ते?”

मग त्यांनी सगळ्यांना कुंकू लावले. यंत्राचा माथा कोणता, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नळीचे वरचे टोक म्हणजे माथा. ओल्या कुंकवाचे बोट टोपीवर टेकले आणि छिद्राच्या तोंडाशी लाल लगदा बसला.

“पाचवीला पुजलेली वस्तू पोरीची,” त्यांनी जाहीर केले. “आता ही कुणाच्या दंडाला बांधायची न्हाई.”

मोहिनीच्या अंगात वाद घालण्याचे बळ नव्हते. तिने एक इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतले, आणि मी देवघराच्या काचेच्या कपाटात खंडोबाच्या टाकाशेजारी गेले. किल्ली चंद्रभागाबाईंच्या कनवटीला.

मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तूला निदान विसरले जाण्याची मोकळीक असते. मला तीही नव्हती. राजनंदिनीचे जावळ झाले, तिला शाळेत घातले, तिचा पहिला नंबर आला; प्रत्येक वेळी तिला माझ्यासमोर उभे करून हात जोडायला लावत. दर दसऱ्याला माथ्यावर कुंकवाचा नवा थर चढे. काचेपलीकडे, दाराच्या फटीतून, मला दवाखाना दिसे. तेथे दंड होते, ठोके होते; माझ्यापर्यंत येत होता तो उदबत्तीचा धूर.

मोहिनीची स्थिती फार वेगळी नव्हती. चंद्रभागाबाई तिला आल्यागेल्याला ‘आमची देवी’ म्हणून दाखवत, लोक तिच्या पाया पडत. “डॉक्टरीणबाई, तुमच्या हाताला गुण हाय,” म्हणत. डॉक्टरला कधीतरी ‘मला माहीत नाही’ म्हणता आले पाहिजे. देवीला ते म्हणता येत नाही. एकदा दिवा लावताना ती मला हळूच म्हणाली, “तुझं कुलूप निदान दिसतं तरी.”

मग एका वर्षी दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. टोळ्या ऊसतोडीला निघत होत्या. दिपाली नावाची, सातवा महिना लागलेली एक बाई नवऱ्याबरोबर दवाखान्यात आली. बाहेर मुकादमाचा ट्रक हॉर्न वाजवत उभा होता.

“डोकं लई ठणकतंय बगा,” दिपाली म्हणाली.

“मॅडम, एखादी गोळी द्या अन् मोकळं करा,” बजरंग, तिचा नवरा, म्हणाला. “गाडी थांबायची न्हाई.”

इलेक्ट्रॉनिक यंत्र सकाळपासून बंद पडले होते. मोहिनी आत आली.

“आई, किल्ली.”

“अगं, पाचवीची वस्तू—”

“किल्ली दे, आई.”

तिचा आवाज ऐकून चंद्रभागाबाईंनी किल्ली दिली.

इतक्या वर्षांनी दंड मिळाला. मोहिनीने फुगा दाबला. मी चढू लागले आणि मध्येच कोंडले गेले. वरची हवा बाहेर पडेना. पारा एकशे चोवीसच्या आसपास रेंगाळला आणि ठोके ऐकू येऊ लागले.

“एकशे चोवीस. ठीक हाय,” मोहिनी म्हणाली.

“चल गं,” बजरंग उठला.

मोहिनीने पट्टा सोडला, पण तिची नजर दिपालीच्या पायांवर होती. ते सुजले होते. बोटातली अंगठी रुतली होती. आणि फुगा हाताला इतका कडक लागत असताना पारा एवढा आळशी का? तिने माझ्याकडे पाहिले. पट्टा सैल पडला होता, तरी मी विसाच्या रेघेवर अडकले होते.

मला बोलता येत नाही. शून्यावर न येणे, एवढेच मला सांगता आले.

तिने टोपी काढली. आत कुंकवाची वाळलेली वडी होती. तिने सुईने छिद्र मोकळे केले, कापसाने टोपी पुसली. पारा झपकन शून्यावर आला. तिने पुन्हा फुगा दाबला. पहिला ठोका आला तेव्हा मी एकशे शहात्तरवर होते.

“बजरंग, हिला ट्रकात बसवायचं न्हाई. आत्ताच्या आत्ता बीडला न्यायचं. झटके येतील, दोघांचा जीव जाईल.”

“आत्ता तर ठीक हाय म्हणलात की!”

देवी म्हणून बसवलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर नव्हते. डॉक्टरला होते.

“चुकलं माझं. मशीन अडकलं होतं, मी न बघता बोलले. आता बघून सांगतेय.”

बजरंगने एकवार तिच्याकडे, एकवार दिपालीच्या पायांकडे पाहिले. बाहेर जाऊन त्याने ट्रकातले बोचके खाली ओढले. मुकादम ओरडत राहिला. परमेश्वरने गाडी काढली.

मूल लवकर जन्मले, लहानखुरे जन्मले, पण मायलेकरे दोन्ही जगली. बजरंग म्हणतो, सटवाईने वाचवले. मोहिनी वाद घालत नाही. माझ्याकडे पुरावा एकशे शहात्तरचा आहे.

त्या दिवशी चंद्रभागाबाईंनी लाल झालेला कापूस उचलून पाहिला.

“म्हंजी माझ्या कुंकवानं ही पोर गेली असती?”

“कुंकवानं न्हाई, आई. इतकी वर्षं मीबी कपाट उघडलं न्हाई, त्यानं.” मोहिनी त्यांच्याशेजारी बसली. “अन् आई, मलाबी आता त्या कपाटातनं काढ.”

चंद्रभागाबाईंनी पुन्हा कनवटीला लावलेली किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली.

आता मी दवाखान्याच्या टेबलावर असते. दसऱ्याला चंद्रभागाबाई कुंकवाचे बोट हवेत धरून विचारतात, “हितं चालंल का?” आणि माझ्या पेटीच्या झाकणावर टेकवतात. पेटीत तो ताईत अजून आहे. पाऱ्याची यंत्रे आता वापरातून जात आहेत, तेव्हा मीही लवकरच जाईन. त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, मागणे एवढेच. वस्तू असो वा माणूस, ज्याच्यावर तुमची भिस्त आहे त्याला हात जोडण्याआधी त्याची श्वासाची वाट मोकळी आहे का, ते पाहा. आणि काम झाले की त्याला शून्यावर येऊ द्या.