टाकीखालचे चार पाय

बाबा आठ दिवसांसाठीच आलेत, हे त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. बाथरूममध्ये घसरून पडले होते, खांदा सुजला होता, तरी पिशवीत मोजून आठ दिवसांचे कपडे. मी म्हटलं, "आता इथेच राहा." तर म्हणाले, "आणि माझे मासे?"

बाबांचे मासे म्हणजे दोन फुटी काचेच्या टाकीतले नऊ जीव. आई गेल्यापासून सकाळचं पहिलं बोलणं त्यांच्याशीच. त्यांच्या घरी टाकी दगडी कट्ट्यावर आहे आणि सध्या शेजारच्या काकू माशांना खायला घालत होत्या.

"टाकी भरली की सत्तर किलोच्या घरात जाते," बाबा म्हणाले. "तुमचं ते टीव्हीचं टेबल मान टाकेल."

खिडकी आणि कपाट यांच्यामधे जागा होती, पण दुकानातलं एकही स्टँड तिथे मावेना. मग मी ठरवलं, आपणच करायचं. बाबा पुन्हा एकटे पडलेले मला नको होते, आणि माशांचं निमित्तही मी त्यांना ठेवणार नव्हते.

मी शिवणकाम करते. वखारवाल्याने आधी माझी यादी पाहिली, मग मला पाहिलं.

"ताई, सुतार पाठवू का?"

"लाकूड द्या," मी म्हटलं. "सल्ले द्यायला घरी माणसं आहेत."

त्यातला एक नवरा. बाल्कनीत मी करवत घेऊन बसले तसा हा चहाचा कप घेऊन दारात. "काय टेलरबाई, काजं कुठे करणार?"

"तुझ्या तोंडाला. वर बटणही लावते."

कापड कापताना शिवणीसाठी थोडी माया सोडायची, ही माझ्या हाताची सवय. चारही पाय मी खुणेपेक्षा अर्धा इंच लांब कापले. नवऱ्याला हसू आवरेना. "धुतल्यावर आटतं का गं लाकूड?" आता लांबच कापलेत तर लांबच राहू देत, असं म्हणून मी हट्टाने तशीच जोडणी केली.

बाल्कनीच्या दाराशी बाबा खुर्ची टाकून बसलेले असायचे. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले होते, तिरकं काही त्यांना खपत नाही. पण या कामाबद्दल अवाक्षर नाही. फक्त रोज संध्याकाळी म्हणायचे, "कशाला दमतेस? मी शुक्रवारी जाणार."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून स्क्रू पिळत राहायचे. तळहाताला फोड आले, त्यावर चिंधी बांधली. सांगाडा उभा राहिल्यावर वर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा एका बाजूला पळाला. उजवी बाजू वर होती. उजवीकडचे दोन्ही पाय अर्धा इंच कापले आणि बुडबुडा बरोबर मधे आला. तेव्हा इतका आनंद झाला की नवऱ्याला बोलावून दाखवला. मग घासकाम, मग वॉर्निशचे दोन हात.

गुरुवारी दुपारी वॉर्निश वाळलं. आम्ही दोघांनी स्टँड उचलून खोलीत आणलं आणि खिडकीपाशी ठेवलं. बाबा उठले, स्वयंपाकघरातून ताट आणलं, ते स्टँडवर ठेवून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी उजव्या कडेला जमा झालं. डावीकडे ताट कोरडं.

मी पाण्याकडे बघत राहिले. मग बाल्कनीकडे बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. बाल्कनीला उतार असतो, पाणी वाहून जायला. वाकड्या जमिनीवर मी सरळ स्टँड केलं होतं.

बाबा माझी नजर चुकवत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तू पाय कापलेस तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"उद्या जायचंय ना मला." ते ताटातलं पाणी परत तांब्यात ओतू लागले. "ओझं नाही व्हायचं गं कुणाला."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. "पस्तीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त केलेत," मी ओरडलेच, "आणि स्वतःचं वजन तेवढं अंदाजाने ठरवता? मला विचारलंत कधी?"

नवऱ्यानेही तोंडाला बटण लावलं. मी डोळे पुसले, स्टँड उलटं केलं आणि डावीकडच्या पायांवर खूण केली. तेही अर्धा इंच कापायचे. म्हणजे चारही पाय माझ्या मूळ खुणेवर येणार होते. ती सोडलेली माया अशी कामी आली.

पहिल्याच पायावर करवत अडकली.

"मनगट ताठ धर," बाबा म्हणाले. मग पुढे येऊन बऱ्या हाताने त्यांनी पाय घट्ट धरला. दुसराही धरला.

स्टँड उभं केलं, ताट ठेवलं, पाणी ओतलं. पाणी ताटभर सारखं पसरलं.

"बसा," मी बाबांना म्हटलं.

"कुठे?"

"स्टँडवर."

"अगं, मोडेल ते."

"टाकी सत्तर किलोची. तुम्ही अठ्ठावन्न. बसा."

नवऱ्याने स्टूल लावलं, हात दिला. बाबा चढून बसले. पाय अधांतरी. त्यांनी डावीकडे अंग टाकलं, उजवीकडे टाकलं, जरा वर होऊन आदळलेसुद्धा. काटा तपासावा तसं त्यांनी स्टँड तपासलं. कुठे कुरकुर नाही.

"शेजारच्या काकूंना फोन लाव," शेवटी म्हणाले.

उद्या येतोय म्हणून कळवणार असतील. माझा हात पुढे होईना. नवऱ्याने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"वहिनी," बाबा वर बसूनच म्हणाले, "उद्या माशांना खायला घालू नका. प्रवासाआधी त्यांना एक दिवस उपाशी ठेवतात."