न झालेल्या प्रांताचा गव्हर्नर

मी गव्हर्नर बोलतोय. उठून उभं राहायची गरज नाही. मी डुक्कर आहे.

नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं. माझं नाक तुमच्यापेक्षा मोठं आहे. मी मुरडायला लागलो तर तुम्हाला भारी पडेल.

माझा मुक्काम सान रोके गावात. समोर समुद्र, मागे नारळाच्या बागा, मध्ये मी. शिक्षण झालेलं नाही. माझं खोपटं शाळेच्या कुंपणाला लागून आहे, त्यामुळे पाढे कानावर पडले, तेवढंच. पण मी एका अख्ख्या प्रांताचा गव्हर्नर आहे. तो प्रांत कायद्यात होता. मनिलात त्याच्यावर सही झाली होती. जमिनीवर मात्र तो कधी आलाच नाही. आला असता तर हे सांगायला मी उरलो नसतो.

मुळापासून सांगतो. फाफटपसारा मला आवडत नाही.

आम्ही भावंडं पुष्कळ आणि आईला सड कमी. मी शेवटचा. मी पोचेपर्यंत जागा भरलेल्या असायच्या. मानांग पासिंगने मला उचललं आणि कडेवर घेऊन घरी आणलं. मानांग म्हणजे थोरली बहीण. ती बहीण होती मेयर दुलोची, पण सगळं गाव तिला मानांगच म्हणायचं. तिने लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर भावाला तिनेच वाढवलं. मलाही तिनेच वाढवलं. मी सांगितलेलं ऐकायचो, एवढाच फरक.

मी आलो त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली. आमच्या प्रांताचे दोन तुकडे करायचा कायदा मंजूर झाला. उत्तरेकडचा तुकडा जुना प्रांत राहणार, दक्षिणेकडचा नवा होणार. नाव नुएवा सिलांगान. राजधानी सान रोके. दोन्हीकडच्या लोकांनी मतदान करून हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

मेयर दुलोने फटाके लावले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर तो गावाला ज्याचं नाव आहे त्या संताच्या, सान रोकेच्या मूर्तीपुढे उभा राहिला. मानांगच्या हातात मी होतो. माझ्याकडे बोट करून तो गरजला, "ज्या दिवशी आपला प्रांत जन्माला येईल, त्या दिवशी या डुकराचा लेचोन करून अख्ख्या गावाला जेवू घालीन! त्याच दिवशी! दुसऱ्या कुठल्याही दिवशी याला सुरी लागणार नाही. सान रोके साक्षीला आहे!"

पाद्र्याने पाणी शिंपडलं. लेचोन म्हणजे अख्खं डुक्कर बांबूत ओवायचं आणि निखाऱ्यावर फिरवत भाजायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बारसं आहे. एकाच पाण्यात माझं बारसं आणि बारावं उरकत होतं. संताच्या पायाशी दगडी कुत्रा आहे. तो माझ्याकडे बघत होता. डुक्कर तिथे नाही. असो.

नाव कोळ्यांनी ठेवलं. माडी पिता पिता एकाने विचारलं, "नव्या गव्हर्नरच्या मेजावर पहिला कोण जाऊन बसणार?"

दुसरा म्हणाला, "हाच की. तोंडात सफरचंद घेऊन."

"मग हाच पहिला गव्हर्नर!"

झालं. नाव चिकटलं. इकडे मेयरला वाटे, नव्या प्रांताचा गव्हर्नर आपणच होणार, तेव्हा लोकांनी आतापासून तशी सवय लावून घ्यावी. एकदा तो बहिणीला म्हणाला, "मानांग, माझे केस पिकले. चारचौघांत दोदोंग म्हणून हाक मारू नकोस. गव्हर्नर म्हण."

"गव्हर्नरला मघाशीच कोंडा घातला," मानांग म्हणाली. "तू जेवलास का, दोदोंग?"

दोदोंग म्हणजे बाळ. मेयर पाय आपटत गेला. मी कोंडा संपवला.

दर रविवारी मानोंग कार्यो येई. मानोंग म्हणजे थोरला भाऊ, कोणाही वडीलधाऱ्याला म्हणतात. लेचोन भाजण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. हातात बांबू. तो माझ्या शेजारी धरून लांबी बघायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा. मायेने. असल्या मायेची मला भीती वाटते.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं. मी उपास धरला. वाळक्या डुकराला कोण भाजणार? सकाळी धरलेला उपास दुपारी सुटला. मानांगने केळीचा गाभा चिरून त्यात खोबरं मिसळलं होतं. मी देव नाही.

मग मी उलट्या दिशेने प्रयत्न केला. इतकं खायचं की बांबूत मावूच नये. हे मला जमलं. कार्यो रविवारी यायचा आणि डोकं खाजवायचा. "मेयर, याला बांबू पुरणार नाही. विजेचा खांब लागेल."

"लागू दे," मेयर म्हणायचा. "प्रांत मोठा आहे."

मत मागायला मेयरने जेवणावळी सुरू केल्या. आज या वस्तीत, उद्या त्या वस्तीत. सान रोकेतली डुकरं एकामागून एक गेली. माझे दोन भाऊही गेले. त्यांची नावं मला माहीत नव्हती, कारण त्यांना नावं नव्हती. नावाचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

इथे हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर केल्या की हो झालं. तोंडं तर भरलेलीच असायची. मेयर पंगतीतून फिरायचा. "प्रांताला हो ना, मानोंग? हो ना, मानांग?" भुवया वर. तो घरी येऊन सांगायचा, "सगळं गाव हो म्हणतंय!" मी कुंपणातून पाहिलं होतं. त्या भुवया म्हणत होत्या, अजून वाढ.

मतदानाच्या आधी मिरवणूक निघाली. मला उघड्या जीपवर चढवलं. अंगावर लाल पट्टा, त्यावर 'गव्हर्नर'. पुढे बँड. मेयर भोंग्यातून ओरडत होता, "हो म्हणजे गव्हर्नर! गव्हर्नर म्हणजे हो!" बायका फुलं टाकत होत्या. मी खात होतो. मान मिळाला तर तो खाण्याजोगा असावा.

गावाच्या उत्तर सीमेवर मेयरने बांबूची कमान उभारली होती. वर पत्रा, त्यावर 'नुएवा सिलांगान प्रांतात स्वागत'. तिथे जीप थांबली. तेवढ्यात कार्योने जीपवरच्या सामानातून काहीतरी लांबलचक बाहेर काढलं आणि वर धरलं. रंगीत फिती बांधलेला नवा कोरा बांबू. टोक तासलेलं. माझ्या मापाचा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उडी मारली.

धावणं मला शोभत नाही, पण त्या दिवशी शोभलं. बँडचा मोठा ढोल आडवा आला. आता तो ढोल नाही. मासळीवाल्या बायकांच्या पाट्या आल्या, त्या गेल्या. बास्केटबॉलच्या मैदानात पोरांचा सामना चालू होता. मी या टोकाने शिरलो, त्या टोकाने निघालो. कोणीतरी ओरडलं, "बास्केट!" मागे सगळं गाव. "गव्हर्नरला धरा! गव्हर्नर पळाला!" चौकातला पोलीस दचकला आणि त्याने सलाम ठोकला. तो सलाम मी अजून विसरलो नाही.

वळसा घालून मी कमानीवरच आदळलो. बांबू कडकडले. पत्रा खाली आला. मी त्यावरून सीमा ओलांडली आणि उत्तरेत शिरलो.

पलीकडे रिक्षावाले बसले होते. ते पोट धरून हसले. एक म्हणाला, "अहो दक्षिणवाले! प्रांत व्हायच्या आधीच तुमचा गव्हर्नर फरार झाला की!"

दुसरा म्हणाला, "आमच्याकडे राहू दे त्याला. आमच्यापेक्षा बरा दिसतो."

मला तिथेच राहायचं होतं. तेवढ्यात मागून बादली वाजली. मानांग पडलेल्या कमानीपाशी उभी होती. लाकडी पळीने बादलीवर तीनदा ठोकत होती, रोज कोंडा घालताना ठोकायची तशी. मी परत गेलो. जीव मोठा की भूक, हे भांडण माझ्या घराण्यात आजवर सुटलेलं नाही.

त्या दिवसापासून पोरं माझ्याकडे पेरू आणू लागली. म्हाताऱ्या जाता जाता बोलू लागल्या, "काय गव्हर्नर, कसं काय?" मी हुं म्हणायचो. राज्यकारभार याहून वेगळा नसतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी मानांग चर्चचे कपडे घालून खोपट्यात आली. माझ्या कानामागे खाजवत बसली.

"दोदोंगला मी वाढवलं," ती म्हणाली. "आयुष्यात त्याने ही एकच गोष्ट मागितली. तुलाही मीच वाढवलं. तू तर काहीच मागितलं नाहीस."

हे खरं नव्हतं. मी दिवसातून चारदा मागायचो.

"कागदावर हो किंवा नाही लिहायचंय. मी काय लिहू रे?"

तिने डोळे पुसले. मग ती मत द्यायला शाळेत गेली. रांग मोठी होती. माझ्या जिवाचा निकाल माझ्या कुंपणापलीकडे लागत होता आणि मला मत नव्हतं.

दुपार कलल्यावर मोजणी सुरू झाली. आमच्याकडे एकेक कागद उघडून मोठ्याने वाचतात आणि फळ्यावर रेघ ओढतात. मास्तरीण बाई दारात उभ्या राहिल्या.

"हो!" टाळ्या. "हो!" टाळ्या. "नाही!" कोणीतरी शिटी मारली. मग बाई थबकल्या. कागद उलटा करून पाहिला. "गव्हर्नर!"

मला वाटलं, मला हाक मारली. मी ओ दिली. पटांगणात हशा पिकला.

"गव्हर्नर!"

मी पुन्हा ओ दिली.

"गव्हर्नर! गव्हर्नर! ग... ग व र न र!"

माझा घसा बसला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भोंग्यातलं ऐकलं होतं ते मन लावून लिहिलं होतं. हो म्हणजे गव्हर्नर. निम्मं गाव तेच लिहून आलं होतं.

मेयर बाकावर चढला. "ही सगळी मतं होच्या बाजूने! माझंच नाव आहे ते!"

"मेयर," बाई म्हणाल्या, "तुमचं नाव तेओदुलो. गव्हर्नर हे डुकराचं नाव आहे."

"अहो, पण त्यांच्या मनात मी होतो!"

"मन मोजायचा फळा आमच्याकडे नाही. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. बाद."

मेयर गर्दीकडे वळला. "सांगा! गव्हर्नर म्हणजे कोण लिहिलंत? मी की तो?"

सगळ्या गावाने भुवया वर केल्या.

संध्याकाळी उत्तरेचा आकडा आला. तिकडे नाहीचा पूर आला होता. आमच्याकडचे हो त्यात बुडाले. आमचे बाद कागद धरले असते तर काय झालं असतं, यावर माडी पिताना अजून भांडणं होतात. कायदा तसाच राहिला, प्रांत झाला नाही.

मेयर माझ्या खोपट्यात येऊन बसला. चांगल्या विजारीनिशी, चिखलात, माझ्या शेजारी. मी सरकून जागा दिली. हरलेल्या माणसाला टेकायला काहीतरी लागतं. तो मला टेकला.

कार्यो कुंपणापाशी आला. "मेयर, निखारे पेटवून ठेवले होते. आता एवढं लाकूड वाया घालवायचं? लोकांचं तोंड तरी गोड करू."

मी मेयरच्या आड सरकलो.

"नवस आठवतो ना?" मागून मानांगचा आवाज आला. "प्रांत जन्मेल त्याच दिवशी. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सुरी नाही. संत साक्षीला आहे, कार्यो. तू पण होतास."

कार्योने छातीवर क्रूसाची खूण केली आणि निखाऱ्यांवर मासे भाजायला गेला.

मेयरने वर पाहिलं. "मानांग, खरं सांग. तू काय लिहिलंस?"

"गव्हर्नर."

"कुठला?"

इथे बोट दाखवणं वाईट समजतात. ओठांनी दाखवतात. मानांगने ओठ पुढे काढून खोपट्याकडे दाखवलं.

खोपट्यात आम्ही दोघेही होतो.

मेयरने माझ्याकडे पाहिलं, मी मेयरकडे. मग तो हसायला लागला. हसता हसता रडला, पुन्हा हसला. तिने आत येऊन दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. आधी कोणाच्या, ते मी सांगणार नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझे दात गेले. मानांग कोंडा भिजवून देते. मेयर आता मेयर नाही. तो काठी टेकत पेरू घेऊन येतो आणि मला "साहेब" म्हणतो. कार्योच्या बांबूवर भोपळ्याचा वेल चढलाय. पडलेल्या कमानीचा पत्रा माझं छप्पर झालाय. 'नुएवा सिलांगान प्रांतात स्वागत' हे शब्द पावसाने पुसट झाले, पण वाचता येतात. म्हणजे त्या पत्र्याखाली जेवढी जागा, तेवढा प्रांत आहेच. तिथे मी राज्य करतो. जनता नाही, त्यामुळे तक्रार नाही.

परवा कुंपणापाशी कोणी बोलत होतं. मनिलात पुन्हा नवा कायदा करतायत म्हणे. पुन्हा मतदान. पेरू घेऊन आलेल्या म्हाताऱ्याचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. नवस अजून फिटलेला नाही, हे मला माहीत आहे. त्यालाही.

म्हणून सान रोकेच्या लोकांना माझं एकच सांगणं आहे. हो लिहू नका. नाही लिहा, असंही मी म्हणणार नाही. मानांगचा भाऊ आहे तो, त्याला लागेल. कागद हातात आला की माझं नाव लिहा. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

बादली वाजली. निघतो.