दाराचं माप

सुतारानं आईच्या खांद्यापासून टेप खाली ओढला, पायाशी अंगठ्यानं दाबून धरला आणि मान हलवली.

"नव्या घराच्या दारातून नाही जायच्या. चार बोटं उंच होतात."

"आडवं करून नेलं तर?" वहिनीनं विचारलं.

"आडवी केली की तिला दम लागतो," धाकटी लेक म्हणाली.

आई कपाट झाली, त्याला आता सगळे सरावले होते. आधी गुडघे धरले, मग पाठ. एका सकाळी उठवायला गेले, तर कड्या-बिजागऱ्यांसकट भिंतीला टेकून उभी. वयोमानाप्रमाणे होतं असं, डॉक्टर म्हणाले. काही दिवस रडारड झाली. मग वहिनीनं भीत भीत वरच्या फळीवर उशांचे अभ्रे ठेवले. आईच म्हणाली, "ठेव गं. रिकामं बरं नाही वाटत."

आडवी: दम लागतो.
उभी: अडकते.

"चौकट वर घेता येईल साहेब," सुतार म्हणाला. "थोडी भिंत फोडावी लागेल. नाहीतर यांचे पाय चार बोटं कापायचे."

"परवाच रंग दिलाय!" दादा म्हणाला. "राहायला जायच्या आधीच भिंती फोडायच्या?"

"आणि आईचे पाय कापायचे?" धाकटी म्हणाली.

"मग तू ने. आहे जागा?"

धाकटीच्या डोळ्यांपुढे तिची खोली आली. पलंग, पायथ्याशी शेगडी, आत उघडणारं दार. दादा वाट बघत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"बोलायला काय जातंय," वहिनी पुटपुटली.

अभ्र्यांमागून आवाज आला.

"भांडू नका रे. काप बाबा तू. मला आता कुठं चालायचंय?"

"ऐकलंस? तीच म्हणतेय," दादा म्हणाला आणि टेम्पोवाल्याला थांबवायला खाली गेला.

भुसा पडेल म्हणून वहिनीनं जुनी चादर अंथरली. सुतारानं पेन्सिलीनं रेघ मारली.

"ताई, घट्ट धरा. हलता कामा नये."

धाकटीनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी आईला खालून कवटाळलं. करवत लागली. आधी नुसताच खरखराट. मग सगळं कपाट थरथरलं.

"थांब," आई आतून म्हणाली.

सुतार थांबला. चादर सारखी करणाऱ्या वहिनीचे हात तिथंच राहिले. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"तिचा हात बघ जरा," आई म्हणाली. "करवतीच्या फार जवळ आहे."